मुका कॅमेरा आणि बंडखोर गाणे

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे. जगभरात किरकोळ पैशांत बनलेले आणि पुढे कल्ट म्हणून, म्हणजे थोड्या पण कट्टर चाहत्यांच्या जोरावर, गाजलेले चित्रपट पाहिले, तर त्यांत रॉक, पंक, रेगे किंवा रॅप करणारी मंडळी हमखास भेटतात, हे कशामुळे? आणि हलगीवर रॅप करणाऱ्या तुमच्या चौघांच्या बँडने कोल्हापुरात चार लाख रुपयांत सत्तर मिनिटांचा चित्रपट करायचे ठरवले, तर या इतिहासातून तुमच्या कामाचे काही निघते का? दोघांची वृत्ती बंडखोर म्हणून ते एकत्र आले, असे उत्तर तुम्ही बऱ्याच ठिकाणी वाचले असेल. तीस वर्षे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंकलन केल्यानंतर मला ते अपुरे वाटते. बंडखोर वृत्तीचे कवी, चित्रकार आणि नाटकवालेही होतेच. पण या चित्रपटांत मोठ्या संख्येने शिरले ते गाणारे आणि वाजवणारे, आणि त्याचे पहिले कारण अगदी रोकडे आहे. कमी पैशांच्या चित्रपटाची ध्वनिपट्टी रिकामी असायची.

हे रिकामेपण समजून घ्यायचे तर कॅमेऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. सोळा मिलिमीटरचा चावीचा बोलेक्स कॅमेरा हौशी माणसाच्या आवाक्यातला होता. एकदा चावी भरली की तो जेमतेम अर्धा मिनिट चालतो, शंभर फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपते, आणि चालताना तो शिवणयंत्रासारखा खडखडतो. कलाकाराचे बोलणे चित्रणाच्या वेळीच टिपायचे असेल, तर आवाज न करणारा कॅमेरा, त्याच्या गतीशी जुळवलेला नाग्रासारखा रेकॉर्डर, तो चालवणारा जाणकार आणि शांत जागा असा सगळा लवाजमा भाड्याने आणावा लागे, आणि बहुतेकांचे गाडे तिथेच अडत असे. मग मुक्या कॅमेऱ्यावर चित्रण उरकायचे आणि आवाजाचे नंतर पाहू म्हणायचे, हाच मार्ग उरे. ते ‘नंतर’ आले की हाताशी काय असे? मित्राचा बँड, नाहीतर घरातल्या रेकॉर्डी.

केनेथ अँगर यांनी १९६३ साली मोटारसायकलवाल्या तरुणांवर केलेल्या ‘स्कॉर्पिओ रायझिंग’ या अर्ध्या तासाच्याही आतल्या चित्रपटात संवाद नाहीत. त्या काळची तेरा लोकप्रिय गाणी एकामागोमाग एक वाजतात. निळ्या मखमलीतल्या प्रेयसीचे हळवे गाणे चालू असते आणि पडद्यावर दांडगे तरुण एकेक करून कातडी जामानिमा अंगावर चढवत असतात. गाण्याने एक म्हणायचे आणि चित्राने त्याची फिरकी घ्यायची, ही पुढे म्युझिक व्हिडिओंनी सरसकट उचललेली युक्ती इथे संवादांवाचून निभावण्यातून आलेली आहे. न्यूयॉर्कच्या पंक बँडांचे अगदी सुरुवातीचे चित्रण असलेला ‘द ब्लँक जनरेशन’ (१९७६) हे तर याचे उघडेवाघडे उदाहरण. एमॉस पो यांनी पॅटी स्मिथ यांच्या बँडमधले गिटारवादक इव्हान क्रॉल यांच्यासोबत तो मुका चित्रित केला आणि आवाज दुसरीकडून आणून जोडला. ओठ एक म्हणतात आणि कानावर दुसरेच पडते. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे पाहताना दात खाल्ल्यासारखे होते. पण त्या बेबनावातच त्या बँडांचा आडदांडपणा नेमका उतरला आहे, हेही कबूल करायला हवे.

रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी १९९२ चा ‘एल मारियाची’ सुमारे सात हजार डॉलरमध्ये केला, तोही मुक्या सोळा मिलिमीटर कॅमेऱ्यावर. प्रत्येक तुकडा चित्रित झाला की लगेच त्याच कलाकाराकडून तेच वाक्य साध्या टेपरेकॉर्डरवर पुन्हा म्हणवून घ्यायचे आणि घरी बसून हाताने जुळवायचे, अशी त्यांची पद्धत होती. आवाज ओठांवरून घसरू लागला की चित्र बदलायचे. त्या चित्रपटाच्या झपाट्याचे पुष्कळ कौतुक झाले आणि त्याचे एक मूळ हे आहे. नायक गिटार घेऊन गावोगाव कामासाठी हिंडणारा वादक आहे, हे सांगायचे राहिले.

रिकामी पट्टी भरण्याचा आणखी एक मार्ग होता, आणि मला स्वतःला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो: आवाजालाच संगीताचा दर्जा द्यायचा. डेव्हिड लिंच यांचा ‘इरेझरहेड’ (१९७७) कित्येक वर्षे रेंगाळत पूर्ण झाला. त्याचा ध्वनी लिंच आणि अ‍ॅलन स्प्लेट या दोघांनी यंत्रांची घरघर, वाफेचा फुत्कार आणि वाऱ्याचा घोंघाट यांतून विणला. त्यातले पीटर आयव्हर्स यांनी केलेले एक छोटेसे गाणे पुढे पिक्सीज आणि डिव्हो या बँडांनीही वाजवले. जपानमधला शिन्या त्सुकामोतो यांचा ‘तेत्सुओ’ (१९८९) सोळा मिलिमीटरवरचा, कृष्णधवल आणि जेमतेम सदुसष्ट मिनिटांचा. धातू ठोकून काढल्यासारखे त्याचे संगीत चू इशिकावा यांचे. तो मी प्रथम पाहिला तेव्हा मला आपल्या कोल्हापुरातले शिवाजी उद्यमनगर आठवले. दुपारी तिथल्या एखाद्या बोळात पाच मिनिटे डोळे मिटून उभे राहा; लेथ, पॉवर प्रेस आणि ग्राइंडर मिळून जो ठेका धरतात, तो भाड्याच्या कोणत्याही स्टुडिओत मिळणार नाही आणि त्याचे पैसेही कोणी मागणार नाही.

ध्वनिपट्टीच्या वाटेने आत आलेला वादक मग पडद्यावरही दिसू लागला, कारण तो बिनपैशाने येत होता आणि लोकांसमोर उभे राहायची त्याला सवय होती. जिम जार्मुश यांच्या ‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’ची (१९८४) सुरुवात विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाकडून मिळालेल्या उरलेल्या कृष्णधवल फिल्मवर झाली. त्यातले दोन्ही पुरुष कलाकार वादक आहेत: जॉन लुरी सॅक्सोफोन वाजवत, आणि त्याचे संगीतही त्यांचेच, रिचर्ड एडसन काही काळ सॉनिक यूथचे ड्रमर होते. टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात सुमारे तेवीस हजार डॉलरमध्ये झालेल्या ‘स्लॅकर’च्या पोस्टरवर झळकलेली तरुणीसुद्धा तिथल्याच एका पंक बँडची ड्रमर. अशी नावे पुष्कळ निघतील. त्यांपेक्षा एका चित्रपटापाशी मी जरा थांबतो, कारण तुमच्या चित्रपटाला त्याच्याइतके जवळचे दुसरे उदाहरण मला सुचत नाही.

जमैकात पेरी हेन्झेल यांनी केलेला ‘द हार्डर दे कम’ (१९७२) हा तो चित्रपट. गायक जिमी क्लिफ त्यात नायक आहे. आयव्हन हा खेड्यातला पोरगा गायक व्हायला किंगस्टनला येतो, गाणे रेकॉर्ड करतो, आणि निर्माता त्याच्यापुढे वीस डॉलर आणि एक कागद ठेवतो. आधी तो नाही म्हणतो, रेकॉर्ड स्वतः विकायला बाहेर पडतो, आणि बाजार एकाच माणसाच्या मुठीत आहे हे कळल्यावर परत येऊन सही करतो. पुढे तो गुन्हेगारीत ओढला जातो, पोलीस त्याच्या मागे लागतात आणि नेमके तेव्हाच त्याचे गाणे गाजू लागते. ही गोष्ट १९४० च्या दशकात तिथे खरोखर होऊन गेलेल्या एका फरारी गुन्हेगारावरून सुचलेली आहे. भाषा तिथल्या रस्त्यावरची, इतकी की अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीही खाली इंग्रजी अक्षरे द्यावी लागली. त्यातले एक दृश्य आपल्याकडच्या माणसाने चुकवू नये. शहरात नव्याने आलेला आयव्हन एका थिएटरात इटालियन वेस्टर्न पाहायला बसतो आणि सगळे थिएटर पडद्यावरच्या गोळीबाराला ओरडून, हसून दाद देत असते. आपल्या एकपडदा थिएटरांच्या पिटात ज्यांनी शिट्ट्या आणि चिल्लर यांच्या पावसात चित्रपट पाहिले आहेत, त्यांना ते थिएटर परके वाटणार नाही. पडद्यावरचा प्रेक्षक आणि पडद्यासमोरचा प्रेक्षक एकच असल्याची ती जाणीव होती, आणि तिथल्या माणसाला तोवर असे स्वतःला पाहायला मिळाले नव्हते. जमैकाबाहेर त्या चित्रपटाने रेगे पोहोचवले ते मुख्यतः त्याच्या गाण्यांच्या तबकडीने. अनेकांनी तबकडी आधी ऐकली आणि चित्रपट मागाहून पाहिला.

इथे दुसरे कारण येते, ते प्रेक्षकाचे. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत त्याला आयता जमलेला प्रेक्षक लागतो आणि बँडाकडे तो असतो. न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरात बेन बॅरेनहोल्ट्झ यांनी डिसेंबर १९७० पासून अलेहांद्रो होदोरोव्स्की यांचा ‘एल तोपो’ मध्यरात्री लावायला सुरुवात केली. रात्री बाराला मोकळी आणि जागी असणारी माणसे कोण? मैफल संपवून आलेले वादक आणि त्यांचे चाहते. जॉन लेनन यांना तो इतका भावला की त्यांच्या शिफारशीवरून बीटल्सचे व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइन यांनी त्याचे हक्क घेतले आणि दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटाला पैसाही पुरवला. ‘ईझी रायडर’ (१९६९) सुमारे चार लाख डॉलरचा. त्यामागचा पैसा ज्या जोडीचा होता, तिने तो टीव्हीसाठी मुद्दाम जुळवून आणलेल्या मंकीज या गोड गोंडस बँडच्या मालिकेवर कमावला होता. हिप्पींच्या बंडाचे बिल असे बाजारू पोरांनी भरले. मला हा तपशील फार आवडतो. अ‍ॅलेक्स कॉक्स यांचा ‘रेपो मॅन’ (१९८४) या सगळ्यांच्या मानाने खर्चिक. स्टुडिओने तो लगोलग थिएटरांतून काढला, पण त्याच्या पंक गाण्यांचा अल्बम खपू लागल्यावर तो पुन्हा लावावा लागला. या व्यवहारात वाहतूक दोन्ही बाजूंनी चाले. ब्लॅक सॅबथ आणि मडहनी या बँडांनी आपली नावेच स्वस्तातल्या चित्रपटांवरून उचलली.

आता तुमच्या पटकथेतल्या ज्या प्रसंगाची मला काळजी वाटते, त्याकडे येतो. तुम्ही लिहिले आहे की शेवटच्या दहा मिनिटांत एका जुन्या तमाशापटातली लावणी मूळ रेकॉर्डवरून वाजेल आणि तिच्यावर तुमचे रॅप चढत जाईल. कल्पना चांगली आहे, पण ती ज्या दगडावर आपटेल तो मी पाहिलेला आहे. चार्ल्स बर्नेट यांनी विद्यार्थिदशेत लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात केलेला ‘किलर ऑफ शीप’ हा १९७८ चा चित्रपट दहा हजार डॉलरच्या आत झाला. त्यात त्यांनी मनापासून आवडणाऱ्या रेकॉर्डी वापरल्या आणि हक्क घेतले नव्हते. थिएटरांत रीतसर लागायला त्या चित्रपटाला २००७ साल उजाडले. नुसत्या गाण्यांचे हक्क सोडवायला दीड लाख डॉलर लागले, म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापटीहून जास्त. जॉन वॉटर्स यांनीही ‘पिंक फ्लेमिंगोज’मध्ये (१९७२) आपल्या संग्रहातल्या जुन्या तबकड्या न विचारता वाजवल्या, पंचवीस वर्षांनी तो पुन्हा लावताना त्या गाण्यांचे पैसे मोजावे लागले. ‘ईझी रायडर’मध्ये ‘द बँड’ याच नावाच्या बँडचे जे गाणे ऐकू येते, तेच गाणे चित्रपटाच्या तबकडीवर दुसऱ्या बँडच्या आवाजात आहे, कारण मूळ ध्वनिमुद्रणाची परवानगी तबकडीपुरती मिळाली नाही. आणि ‘एल तोपो’चे हक्क ज्या क्लाइन यांनी हौसेने घेतले, त्यांचे आणि दिग्दर्शकाचे पुढे बिनसले, तेव्हा तीसएक वर्षे तो चित्रपट जवळजवळ गायब झाला.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. रेकॉर्ड केलेल्या एका लावणीत किमान दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, तर ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर साठ वर्षे. त्यामुळे १९६० च्या आधीची रेकॉर्ड ‘मोकळी’ झाली असे कोणी सांगितले, तर ते निम्मेच खरे आहे. रेकॉर्ड मोकळी झाली तरी जगदीश खेबुडकर किंवा राम कदम यांच्यासारख्यांचे शब्द आणि चाली अजून मोकळ्या झालेल्या नाहीत. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापरातले मानधन कवी आणि संगीतकारांना कागदावर सोडून देता येत नाही; ही तरतूद उद्या तुमच्याही बाजूने उभी राहणार आहे. परंपरेने चालत आलेली, कर्ता ठाऊक नसलेली लावणी एखाद्या हयात गायिकेकडून नव्याने गाऊन घ्या, तिला मानधन द्या आणि सही घ्या. माझ्या कपाटात १९९० च्या दशकातला एक वीस मिनिटांचा लघुपट पडून आहे. त्यातल्या वृद्ध शाहिरांशी माझा व्यवहार चहाच्या टेबलावर तोंडी झाला होता. ते गेल्यावर घरच्यांना तो मान्य झाला नाही आणि माझ्याकडे दाखवायला चिटोरेही नव्हते. चूक सर्वस्वी माझी.

लावणीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या मातीतल्या बंडखोर संगीताबद्दल थोडे लिहितो, कारण तुम्ही त्याला न्यूयॉर्कच्या पंकचे धाकटे भावंड मानता आणि ते मला पटत नाही. सत्यशोधक जलसा हा पंकपेक्षा किती तरी जुना आणि या भागात चांगला रुजलेला. तमाशाचा ढाचा तसाच ठेवायचा आणि आशय उलटवायचा, ही त्याची रीत. पुढे आंबेडकरी जलशांनी तर गणातले देवाचे नमन आणि गवळणीतला कृष्ण यांनाच रजा दिली. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक याच वाटेवरचे. आता कोल्हापूरकडे पाहा. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी इथे स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, म्हणजे तुटपुंज्या साधनांतून चित्रपट करण्याची आपली परंपरा शंभर वर्षांची आहे. त्या मुक्या चित्रपटांना आवाज दिला तो पडद्याजवळ बसलेल्या पेटी-तबलावाल्यांनीच. पुढे बोलपट आले, तमाशापट आले, त्यांनी मराठी चित्रपटाला जगवले. पण आपल्या स्टुडिओंनी तमाशातून लावणी उचलली, जलसा फारसा उचलला नाही. हे माझे मत आहे आणि त्यावर अनेकांशी माझे वाद झाले आहेत.

जलशाची ती बाजू पडद्यावर आली ती फार उशिरा आणि बाहेरच्या वाटेने. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबार झाला, आणि त्यानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) उभा राहिला. तो वस्त्यांमध्ये, उघड्यावर पडदा लावून दाखवला गेला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) शाहिराचे गाणे हाच आरोप आहे, आणि त्यातली गाणी संभाजी भगत यांची आहेत. केरळात जॉन अब्राहम यांच्या ओडेसा या गटाने गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी काढली आणि ‘अम्मा अरियन’ (१९८६) केला. क्यू या नावाने ओळखले जाणारे कौशिक मुखर्जी यांचा २०१० चा कृष्णधवल बंगाली रॅपपट (नाव इथे लिहिण्याजोगे नाही) साध्या डिजिटल स्थिरचित्र कॅमेऱ्याच्या जोरावर बर्लिन महोत्सवापर्यंत गेला. तुमचे मूळ यांच्यात शोधा. मध्यरात्रीच्या खेळाचा आपला अवतारही वेगळा असेल: तालमीसमोरचा चौक, मंडळाचा मांडव, साखर कारखान्यावरची वसाहत. फक्त सार्वजनिक खेळासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, हे मांडव घालण्याआधी लक्षात घ्या.

राहिला तुमच्या हलगीचा प्रश्न. ती ओठ हलवत नाही, तेव्हा मागून जुळवू, असे तुम्ही म्हटले आहे. मीही एकदा तसेच म्हटले होते. पंचगंगेच्या घाटावर आषाढात एका हलगीवाल्याचे चित्रण केले आणि आवाज वेगळा घेतला. त्याने काटक्या पेटवून कातडे शेकले, टिपरू मारून पाहिले, आणि पहिला तुकडा असा कडकडीत उतरला की आम्ही खूश झालो. दुसऱ्या तुकड्यापर्यंत हवेतल्या ओलाव्याने कातडे सैलावले होते, तिसऱ्याला ते आणखी उतरले. तिथे कानाला काही खटकले नाही. संकलनाला बसल्यावर मात्र पहिला आणि तिसरा तुकडा शेजारी ठेवले, तर दोन वेगळी वाद्ये वाजल्यासारखी वाटली; हलगी भर ठेक्यात एकदम बसकी झाली. सगळे पुन्हा घ्यावे लागले. तुम्हाला तर तिच्यावर रॅपचे थर चढवायचे आहेत. तेव्हा प्रत्येक तुकड्याआधी शेकायला वेळ ठेवा, शेकल्यावरचा पहिला एकेरी ठोका प्रत्येक वेळी मुद्दाम रेकॉर्ड करा आणि कानाने आधीच्या ठोक्याशी ताडून मगच पुढे जा. माइक कातड्यासमोर सरळ न धरता कडेकडून, चारेक फुटांवर ठेवा, नाहीतर टिपरूचा घाव आवाज फाडून टाकेल. शक्यतो चैत्र-वैशाखात, पहाटे, डॉल्बीच्या भिंती उभ्या राहण्याचे दिवस टाळून काम करा. मोकळ्या मैदानावर जाळ करणार असाल, तर तिथल्या रखवालदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा. आमचे पुनर्चित्रण याच कारणासाठी दीड तास खोळंबले होते आणि तेवढ्यात ऊन वर आले.